साफ केलेली खिडकी

२ जून

खोली मिळाली, आणि चांगली मिळाली. वरचा मजला, पूर्वेला खिडकी, टेबलाजवळच प्लग, नळाला पाणी. घरमालक काका-काकू खाली राहतात. लॅब चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पहिल्याच दिवशी इतकं सगळं जमलं की एरवी मला संशय आला असता. आज आला नाही. खूश आहे.

खालची बैठकीची खोली म्हणजे डिस्कचं दुकानच. भिंतभर फळ्या आणि प्रत्येक सिनेमाच्या सगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी: टेप, जुनी डिस्क, ब्लू-रे. एकच सिनेमा इतक्यांदा कशाला, असं विचारलं तर काका म्हणाले, लग्नाचा अल्बम काय एकदाच बघतात? काकू आतून म्हणाल्या, तुम्ही तर एकदाही बघितला नाहीत. टीव्हीखाली प्लेअरची उतरंड आहे. सगळ्यात वरचा चालू, खालचे निवृत्त. निवृत्तांची धूळ काका स्वतः पुसतात.

मी सिनेमे साफ करणाऱ्या लॅबमध्ये रुजू होणार हे कळल्यावर त्यांनी माझं नावच लॅब ठेवलं. लॅब, चहा घेणार का? लॅब, चपला बाहेर. मला टोपणनावं आवडत नाहीत. हे चालेल.

८ जून, शनिवार

दर शनिवारी संध्याकाळी खाली बैठक भरते. आज दातांचे डॉक्टर होते आणि आणखी दोघं-तिघं. एकाच सिनेमाच्या दोन आवृत्त्या दोन प्लेअरवर लावायच्या, तोच प्रसंग थांबवून आलटून पालटून बघायचा आणि मग भांडायचं. काका दाण्यांच्या बाजूचे. फिल्मवरचे बारीक दाणे दिसलेच पाहिजेत, ते पुसले की माणसं मेणाची होतात, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांना चित्र स्वच्छ हवं. ते म्हणाले, तुमचा हीरो वाळूच्या वादळात उभा वाटतो. काका म्हणाले, आणि तुमची हिरॉइन थेट तुमच्या खुर्चीतून उठून आलेली, अर्धं तोंड बधिर. मी मोजमापाचं काही बोलायला गेले तर दोघंही एक होऊन माझ्यावर उलटले. मजा आली.

शेवटी काकूंचा सिनेमा. तो दर वेळी शेवटी लागतो, आणि त्यातला एकच प्रसंग. हीरो सायकलवरून पडतो, आणि मागे, रस्त्यापलीकडच्या घराच्या वरच्या खिडकीत एक मुलगी हसते. ती नटी नाही. ती काकूंची थोरली बहीण, ताई. गल्लीत शूटिंग चाललं होतं, ती बघायला वाकली आणि सिनेमात राहून गेली. त्याच वर्षी तापाने वारली. काकूंना आई नव्हती, ताईनेच वाढवलं. दोघींचा एक फोटो जिन्यापाशी लावलेला आहे. पण हलणारी, हसणारी ताई फक्त या सिनेमात.

टेपवर ती म्हणजे एक पांढरा डाग होती. पहिल्या डिस्कवर डागाला हात आले. ब्लू-रेवर कळलं की ती हसतेय. त्या दिवशी काकू जेवल्या नव्हत्या, असं काका म्हणाले. तिच्या हातात काहीतरी आहे. काकू म्हणतात कंगवा, काका म्हणतात कप, आणि हे भांडण संसाराइतकंच जुनं आहे. या घरात प्लेअर बदलतो तो ताई थोडी जवळ यावी म्हणून. हे कुणी बोललं नाही, मला कळलं. मी डोळे पुसण्यातली नाही. चष्मा पुसला.

१७ जून

कामावर हात बसला. प्रोग्राम लागोपाठच्या चित्रांची तुलना करतो. एका चित्रात आहे आणि पुढच्यात नाही, असं काही दिसलं की त्याला ते धूळ किंवा डाग वाटतं. भोवती लाल चौकट काढतो आणि विचारतो, काढू? हो म्हटलं की डाग जातो आणि त्या जागी मागच्यापुढच्या चित्रातला, आजूबाजूचा तुकडा उचलून भरला जातो. भोक राहत नाही. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, आपलं काम दिसलं तर ते चुकलं.

आज नवीन काम वाटलं. माझ्या वाट्याला काकूंचा सिनेमा आला आहे.

२२ जून, शनिवार

लॅबमधलं बाहेर सांगायचं नसतं. तरी सांगितलं. काकांनी तिथल्या तिथे नव्या प्लेअरची ऑर्डर दिली. डॉक्टर म्हणाले, आता कंगवा की कप याचा निकाल लागणार, हरेल त्याचा दात फुकट काढीन. काकू हसल्या नाहीत. मागून येऊन माझा हात धरला आणि म्हणाल्या, तिला सांभाळ गं. मी सांगितलं की खिडकीभोवती राखीव चौकट घातली आहे, त्या भागाला प्रोग्राम हातच लावणार नाही. त्यांना चौकटीचं काही कळलं नसेल. माझ्या आवाजावर त्यांनी विश्वास ठेवला.

९ जुलै

काम संपवलं, सगळ्यांच्या आधी. मॅडमनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मग काकूंना सांगता यावं म्हणून तो प्रसंग उघडला. खिडकीत ताई नाही.

कारण शोधायला वेळ लागला नाही. ते रीळ मधे पुन्हा स्कॅन झालं, त्यात माझी राखीव चौकट गेली. नवीन स्कॅनवर ती पुन्हा घालायला हवी होती. मी घातली नाही. तिचे पांढरे कपडे उन्हात लुकलुकतात, प्रोग्रामला ती धूळ वाटली. त्याने विचारलं. मी घाईत होते, अख्ख्या रिळाला एकदम हो म्हटलं.

मूळ स्कॅन उघडला. त्यात ती आहे, इतकी स्पष्ट की मी खुर्ची मागे सरकवली. हातात कंगवा नाही, कपही नाही. रिबीन आहे. रिबिनीचं दुसरं टोक खिडकीच्या कठड्याशी, एका लहान मुलीच्या केसांत. म्हणजे ती काकूंची वेणी घालत होती. साफ केलेल्या चित्रात ते लहान डोकं तेवढं उरलं आहे.

मॅडम शेजारच्या टेबलाशी उभ्या होत्या. थांबा, माझी चूक झाली, एवढंच म्हणायचं होतं. सिनेमा दुपारी डिस्क छापायला गेला. मी बोलले नाही. कौतुक नुकतंच झालं होतं.

१० जुलै

काकूंनी जिन्यात विचारलं, दिसली का गं नीट? मी म्हटलं, बघालच तुम्ही. कानांपर्यंत गरम झाले. हे उत्तर मी आधीपासून तयार करून ठेवलं होतं, हे इथे नोंदवून ठेवते.

३ ऑगस्ट, शनिवार

डिस्क आली. काकांनी नवा प्लेअर उतरंडीवर बाळ पाळण्यात ठेवावं तसा ठेवला. सगळे जमले. मी दाराजवळ उभी होते. हीरो सायकलवरून पडला, काकांनी चित्र थांबवलं, काकू टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या.

आणि ओरडल्या, अहो, ती मीच की! माझं डोकं बघा! एकटीच बसायचे मी त्या खिडकीत, वेणी घालत. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, इतक्या वर्षांत हे दिसलंच नव्हतं, लॅबची कमाल.

मी वाट पाहिली. कुणी काही विचारेना. शेवटी मीच विचारलं, आणि ताई? काकूंनी हसून विचारलं, कुणाची ताई?

तेव्हा मला काय वाटलं ते लिहिलंच पाहिजे. सुटले, असं वाटलं.

४ ऑगस्ट

घरात कुणी नसताना सगळ्या जुन्या आवृत्त्या लावून पाहिल्या. ब्लू-रे, पहिली डिस्क, टेप. कुठेच नाही. टेपवर पांढरा डागसुद्धा नाही.

जिन्यापाशी फोटो आहे. त्यात शाळकरी काकू एकट्या, एका कडेला उभ्या. शेजारी भिंत. भिंतीवर ओलीचा एक डाग आहे, आणि थोड्या अंतरावर तोच डाग पुन्हा, तसाच, त्याच आकाराचा. एका जागेचा तुकडा उचलून दुसरीकडे भरला की असं होतं. हे काम मला ओळखू येतं. हे माझ्या हातचं काम आहे.

६ ऑगस्ट

लॅबमध्ये मूळ स्कॅन उघडला. त्यावर कधीच काही चालवलेलं नाही. त्यातही खिडकी भरलेली आहे. नीट, सफाईने. मॅडम मागून बघत होत्या. म्हणाल्या, काही चुकलंय का? मी नाही म्हटलं. पुन्हा.

९ ऑगस्ट

काकूंना विचारलं, तुम्हाला आई नव्हती, मग लहानपणी वेणी कोण घालायचं? म्हणाल्या, मीच घालायचे. मीच घालायचे. मीच घालायचे. प्रत्येक वेळी तोच आवाज, मान तशीच कलती, हात तसाच वर. मग डोक्यामागे चाचपू लागल्या. केस धरलेला हात कुणीतरी मधेच सोडून द्यावा, तसं तोंड झालं होतं.

काकांनी हाक मारली. त्या उठून गेल्या. मी तिथेच बसून राहिले. बोलायची याहून चांगली वेळ नव्हती.

११ ऑगस्ट

सांगितलं. स्वयंपाकघरात, उभ्याउभ्याच. तुम्हाला बहीण होती. मी तिला पुसलं. कळलं तेव्हा थांबवता येत होतं, तरी गप्प बसले, आणि त्यानंतरही रोज गप्प बसले. तिच्या हातात रिबीन होती, तेही सांगितलं.

काकूंनी ऐकून घेतलं. ओला हात माझ्या कपाळाला लावून ताप आहे का पाहिलं. म्हणाल्या, जागरणं करतेस तू. बरं बाई, माफ केलं, जा आता, पड जरा.

कशाबद्दल माफ केलं ते त्यांना माहीत नाही. तरी मला हलकं वाटलं. लगेच, त्याच क्षणी. जिना अर्धा चढले आणि थांबले — तिचे कपडे कुठल्या रंगाचे होते —

१२ ऑगस्ट

पांढरे. मागच्या पानावर आहे. पांढरे.

आता कळलं. ती डिस्कवर नाही, फोटोत नाही, काकूंमध्ये नाही. काकूंसमोर लाजेने माझी मान खाली जाते, त्यात तेवढी आहे. आणि मी जाऊन माफी घेऊन आले. त्या माफीनेच आता तीही जागा भरते आहे —

१५ ऑगस्ट

खिडकीत खिडकी — नाही. खिडकीत मुलगी. हसते. हातात — मागे बघून लिहिते — रिबीन.

मला माफ करू नका, असं काकूंना सांगायला गेले. म्हणाल्या, वेडी का गं तू, केलं ना माफ. पुन्हा हलकं झालं. पुन्हा जाणार नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार

बैठक. डॉक्टर काहीतरी बोलले आणि मी हसले. मोठ्याने.

मुद्दाम काकूंसमोर जाऊन उभी राहते, मान खाली जाईपर्यंत. आज जायला फार वेळ लागला. लाज धरून ठेवायची. काहीही झालं तरी ही — ही सोडली तर —

१९ ऑगस्ट

तिचं — जिचं मी — काकूंची थोरली काकू —

वेणी मीच घालायचे. मीच. हे मी का लिहिलं?

२० ऑगस्ट

बरं वाटतंय. मागची पानं चाळली. अक्षर माझं आहे. कुणा बहिणीची गोष्ट रचलेली दिसते, ठीक आहे. काका म्हणाले, लॅब, हल्ली हसतेस, बरी दिसतेस.

फक्त काकू समोर आल्या की काहीतरी व्हायचं. कसलंतरी. अगदी ओठांवर आहे. मला लाज वाटायची ती