कपाळावरची चमक

आमच्या शूर दादास,

तुझ्यासारख्या मर्दांमुळेच धर्म आणि आयाबहिणी सुरक्षित आहेत, असं तू माझ्या माहितीपटात ठणकावून सांगितलंस. मध्येच विचारलंस, “कपाळ चमकतंय का गं?” मी हो म्हटलं. लगेच वहिनीवर ओरडलास, “अगं, तुझं ते क्रीम आण!”

तिनं डाग झाकायची ट्यूब आणली, पिळून पिळून चपटी झालेली. “एवढंच उरलंय,” म्हणाली. मी तिच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं. तू मात्र तेच क्रीम फासून पुन्हा मर्दानगीवर बोलू लागलास.

वहिनी आता माझ्याकडे आहे. हे पत्र टाकणार नाही, नाहीतर माग काढत येशील. उद्या ती कॅमेऱ्यासमोर बसणार आहे.

“ताई, क्रीम तिकडेच राहिलं गं,” वहिनी आत्ताच म्हणाली.

“लागणार नाही,” मी म्हटलं.

तुझ्या कृपेने सुरक्षित,
धाकटी