हुलग्याचे डबे

प्रिय आत्या,

तुम्हाला जाऊन वर्षही झालं नाही आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून सासूला आत्याच म्हणत आले, आणि आत्याशी भांडता येतं! उद्यापासून माझ्या डब्यांत हुलगा जाणार. त्यावरून आज घरात, बाहेर सगळ्यांशी वाजलं. राहिलात तुम्ही.

मंचरच्या जिममधल्या मंडळींना मी अवसरीहून वजन उतरवायचे डबे पाठवते. लसूण तुम्हीच सोलून द्यायचात. प्रोटीनचं डाएट म्हणून काय काय घालायचे मी त्यात! क्विनोआ, ॲव्होकॅडो, परदेशी बदाम. सगळं जहाजातून नाहीतर विमानातून आलेलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. गोठ्यामागे पिशव्यांचा ढीग झाला. तो पेटवायला गेले आणि काडी ओढवेना. इथल्या माणसाचं पोट कमी करायला एवढ्या लांबून सामान आणायचं? पावसाच्या ओलीवर येणाऱ्या आपल्या हुलग्यात, शहरातल्यांच्या कुळथात, काय प्रोटीन नाही?

पण हुलगा म्हटलं की तोंडं वाकडी. जिमचे सर म्हणाले, "ताई, बैलाचं खाद्य देताय म्हणत्यात लोक. निम्मे डबे बंद व्हतील बघा."

तुमचे चिरंजीव म्हणाले, "सांगतीस कशाला? पिठात मिसळ अन् दे. कुणाला कळतंय?"

ही शिकवण कुणाची, आत्या?

माझे वडील लग्नानंतर पहिल्यांदा आले, तो दिवस आठवतो? चुलीवर हुलग्याच्या पिठाची वळलेली शेंगोळी रटरटत होती, लसणाच्या झणझणीत रश्शात. पाहुणे दिसताच तुम्ही पातेलं उचलून मागच्या पडवीत नेलंत आणि गव्हाच्या पोळ्या लाटायला बसलात. वडील म्हणाले, "वास तर शेंगोळ्यांचा येतोय!"

"न्हाई वो, बैलांचं हुलगं शिजत्यात."

"बैलांना लसणाची फोडणी? मग मलाबी त्यांच्याच पंगतीला बसवा!"

सगळे पोट धरून हसले. तरी तुम्ही पोळीच वाढलीत!

तुम्ही डोंगराकडच्या. नाचणी-हुलगा खाऊनच म्हातारपणीही सरसर बांध चढत होतात. मग लाज कसली वाटायची? पाहुण्यांना गरिबी दिसेल म्हणून? राग येतो मला. आणि आठवणही इतकी येते, की आज शेंगोळ्यांचं पीठ मळताना मीठ किती विचारायला मागे वळले.

नाही मिसळणार मी गुपचूप. आज सगळ्यांना कळवून टाकलं, परदेशी सामान बंद. शेंगोळी, नाचणीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, बांधावरचा शेवगा. सरांचं खरं झालं, निम्म्यांनी डबा थांबवला. खोटं कशाला बोलू? याच डब्यांवर तर घर चाललंय. पण माघार घेणार नाही.

दुकानात मिळतो तो हुलगा खडे-कचऱ्याचा, जनावरांसाठी आणलेला. म्हणून शेताच्या वरच्या तुकड्यात पाणी नेऊन ऊस लावायचा घरच्यांचा बेत मी मोडून काढला. तिथे हुलगाच पेरणार.

शब्द देते, आत्या. डबे कितीही कमी झाले तरी चालू ठेवीन. आणि दारात जो येईल, गिऱ्हाईक असो की पाहुणा, त्याला पहिल्यांदा शेंगोळीच वाढीन, हुलग्याची आहेत असं सांगून.

तुम्हाला आवडणार नाही. तरी वाढीन.

तुमची भांडखोर सून,
वैशाली