चक्कर म्हणजे मान

२ फेब्रुवारी, रविवार
बारामतीत डॉक्टरांसाठी सेमिनार. विषय: निदानातल्या चुका. मी ज्या चुका करत नाही, त्यांची दोन तास माहिती घेतली. जेवण बरं होतं. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, पेशंटना आठवड्याने फोन करून पुढे काय झालं ते विचारा, नाहीतर आपण चुकलो हे आपल्याला कळतच नाही. शेळगावात अठरा वर्षं दवाखाना चालवतोय. चुकलो असतो तर गाव गप्प बसलं असतं? तरी फोन करणार. पुरावा गोळा करून मॅडमनाच पाठवणार.

३ फेब्रुवारी
दहा फोन केले. दहाही पेशंट ठणठणीत. मोहनराव तर म्हणाले, तुमच्या हाताला गुण हाय. मागून त्यांची बायको बारामतीच्या रिपोर्टचं काहीतरी बोलत होती. टीव्हीवरची बातमी असावी.

५ फेब्रुवारी
ठमाबाई आल्या. वय सत्तर. मी पहिला दवाखाना यांच्याच ओसरीवर थाटला होता. शुगरची गोळी माझ्याकडचीच. म्हणाल्या, जेवायला उशीर झाला की गरगरतंय, घाम सुटतोय, हात थरथरत्यात.
चक्कर म्हणजे मान. मानेचा पट्टा दिला.
सिस्टर निकिता म्हणाली, शुगर बघू का? गेल्या महिन्यात दोनशे चाळीस होती, ती आता कमी कशाला होईल? तिला तसंच सांगितलं. सेमिनारला मी गेलो होतो की ती?

८ फेब्रुवारी, दु. १२
ठमाबाई पट्टा घालून आल्या. व्हय, लई बरं वाटतंय, म्हणाल्या. बोलताना टेबलाला धरून उभ्या होत्या. पट्टा जरा घट्ट केला.
निकिताचं म्हणणं, पट्टा कोरा करकरीत आहे, बाई फक्त इथं येताना घालतात. हिला माझं यश बघवत नाही. मॅडमना पत्र लिहायला घेतलं. पहिलंच वाक्य कडक झालंय.

११ फेब्रुवारी, स. ११
ठमाबाईंना पिकअपमधून आणलं. शुद्ध नाही, अंग घामाने भिजलेलं. सून सोनम रडत होती. मी मानेच्या एक्स-रेची चिठ्ठी लिहीत होतो. निकिताने मला न विचारता त्यांच्या बोटाला सुई टोचली.
शुगर चौतीस.
शिरेतून ग्लुकोज दिलं. दहा मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले.
सोनमने पिशवीतून गोळ्यांची दोन पाकिटं काढली. एक माझं, एक बारामतीच्या डॉक्टरांचं. कंपन्या वेगळ्या, औषध एकच. महिनाभर दोन्ही चालू. साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून बारामतीला भरती करायला पाठवलं.
बारामतीचं मला कुणी सांगितलं नव्हतं, तर मी काय करणार? दोष माझा नाही.

११ फेब्रुवारी, सायं. ५
सुई तर मीही टोचू शकलो असतो.

१४ फेब्रुवारी
ठमाबाई घरी जाताना दवाखान्यात आल्या. विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाल्या, तुमाला वाईट वाटलं आसतं. आन् तुमच्या गोळ्या टाकून देणं बरं न्हाय, म्हणून त्याबी खाल्ल्या.
भयंकर राग आला. आधी त्यांचा. मग माझीच मला शरम वाटली.
बाहेर बसलेल्या लोकांना त्यांनी सांगितलं, डॉक्टरांनी वाचीवलं. निकिताने माझ्याकडे बघितलं. मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.
मोहनराव आले. काय होतंय ते नंतर, आधी विचारलं, औषधं कुठली चालू आहेत?
फक्त तुमचीच की, डॉक्टरसाहेब, म्हणाले.
म्हटलं, पिशवी टेबलावर रिकामी करा.
मोहनरावांनी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली.