एकविसावा तालुका

मी, अंबादास सखाराम भुयार, वय सदुसष्ट, भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेला भूकरमापक, राहणार अमरावती, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही आणि कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. परवा गुरुवारी नागपूरला माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजी नको. तरी लिहिलेलं बरं. लोकांच्या जमिनी मोजण्यात माझी सगळी नोकरी सरली, आणि कागद न करता गेलेल्या माणसांच्या बांधांवर मी पुष्कळ भांडणं उभ्याने ऐकली आहेत.

एक. राहतं घर माझ्यामागे पत्नी सौ. कौशल्या हिचं. तिच्यानंतर मुलगी सौ. पौर्णिमा, राहणार अकोला, हिचं. जावईबापूंनी गेल्या दिवाळीत गच्चीवर खोली बांधण्याचा विषय काढला होता. कौशल्या आहे तोवर तो विषय पुन्हा काढू नये.

दोन. बँकेतली ठेव कौशल्याचीच. तिने ती स्वतःवर खर्च करावी. ती करणार नाही, पण माझी इच्छा म्हणून लिहिलं.

तीन. मोजणीची साखळी, पितळी होकायंत्र व तीन लाकडी पट्ट्या चि. रय्यान यास द्याव्या. रय्यान हा माझा मित्र गयासुद्दीन यांचा मुलगा. इतवाऱ्यातलं फोटो फ्रेमचं दुकान आता तो चालवतो. त्याचा हात सरळ आहे. गयासुद्दीन यांनी बसवलेली एकही फ्रेम भिंतीवर सरळ राहिली नाही, हे मी त्यांच्या हयातीतही सांगत असे.

चार. आता वऱ्हाडाबद्दल. वकीलसाहेबांनी हे कलम गाळा म्हणून सांगितलं. त्यांची फी दिली आहे, कलम राहील.

सन १९८३ मध्ये एका गिऱ्हाइकाने फाटलेला परदेशी खेळ चिकटवायला म्हणून गयासुद्दीन यांच्या दुकानात टाकला आणि तो न्यायला आलाच नाही. त्यात युरोपचा नकाशा होता, राज्यं होती, फौजा होत्या. इंग्रजी नियम मी मराठीत उतरवले. युरोपातलं आम्हाला काही कळेना, म्हणून मी मांजरपाटावर वऱ्हाडाचा नकाशा काढला. त्यात चाळीस तालुके बसले. आपल्याकडे समुद्र नाही, सबब जहाजांचे नियम रद्द केले. धारणीला रस्ता खराब, म्हणून तिथून फौज परत यायला दोन डाव लागतात, असा एक नियम वाढवला. फौजा म्हणजे रंगवलेले चिंचोके.

खेळणारे चार: मी, गयासुद्दीन, कौशल्या आणि तिचा भाऊ जानराव, राहणार भातकुली. दर रविवारी दुपारी गयासुद्दीन यांच्या घरी बैठक. आधी अंगणात जाऊन दोघादोघांनी कुजबुजायचं, कोण कोणाला मदत करणार ते ठरवायचं. मग प्रत्येकाने आपला हुकूम चिठ्ठीवर लिहायचा आणि सगळ्या चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. अंगणात दिलेला शब्द चिठ्ठीत मोडता येतो. एकवीस तालुके ज्याच्याकडे, तो एकटा जिंकला. तसं कोणालाच जमलं नाही तर चौघांनी मिळून साझा, म्हणजे सगळ्यांचा सारखा विजय, म्हणायचं आणि चहा घ्यायचा.

तेवीस वर्षांत गयासुद्दीन तीनदा एकटे जिंकले, जानराव एकदा. कौशल्यासुद्धा एकदा जिंकली. ती त्या दिवशी चिवड्याचे पोहे निवडत होती आणि जो बरं बोलेल त्याला मदत देत होती. मी एकदाही नाही. माझ्या फौजा कायम दुसऱ्याच्या मदतीला. नोकरीतही तेच झालं. वडिलांच्या शेताच्या वाटणीत विहिरीकडची बाजू थोरल्या भावाने मागितली, मी दिली. मोजणी मीच केली होती.

पाच. जानराव यांनी १९९१ साली मोर्शीला मदत देतो म्हणून बहिणीच्या गळ्याची शपथ घेतली आणि चिठ्ठीत मोर्शीवरच चाल लिहिली. मी दोन महिने बोललो नाही. त्यांना माफ केलं आहे. नोंद मात्र राहावी.

गेल्या वर्षी कापसाच्या दिवसांत जानराव बरेच रविवार आले नाहीत. त्यांच्या गावात त्या हंगामात दोन तिरड्या उठल्या, दोन्ही घरचे कर्ते पुरुष. मग एक दिवस आले, पाणी प्याले आणि म्हणाले, "तिकडं सारे हारूनच राहिले, भाऊजी. मले इथं एखांदा तालुका तं जिंकू द्या." मी मोर्शी दिला. खेळ म्हणून चूक होती.

सहा. गयासुद्दीन यावर्षी एप्रिलमध्ये वारले. त्यांच्याबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही.

इस्पितळात मला जवळ बसवून म्हणाले, "भुयारसाब, सारी उमर दूसरों को मदद देते रहे. एक बार अकेले जीत के दिखाओ."

मी म्हटलं, "तुम्ही बरे व्हा, मग बघू."

"मैं नहीं रहूँगा तो मेरी कुर्सी पे खातून बैठेगी. उसको भी मत छोड़ना. वो आपको नहीं छोड़ेगी."

मी हो म्हटलं. माणूस असा पडलेला असताना नाही कसं म्हणणार? पण म्हटलं ते म्हटलं.

खातूनबी त्यांच्या पत्नी. इद्दत, म्हणजे नवऱ्यामागे घरात राहण्याचे चार महिने दहा दिवस, संपल्यावर त्या त्या खुर्चीवर येऊन बसल्या. नियम कोणी शिकवावे लागले नाहीत. अंगणातली तेवीस वर्षांची कुजबुज त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच झाली होती. खेळाच्या डब्यात गयासुद्दीन यांची आजारपणापूर्वी लिहिलेली चिठ्ठी न उघडता तशीच होती. सर्वानुमते ठरलं की गेलेल्या खेळाडूचा शेवटचा हुकूम पाळायचा. चिठ्ठी उघडली. लिहिलं होतं, 'दर्यापूरची फौज भुयारसाबना मूर्तिजापूर घ्यायला मदत करेल.' मूर्तिजापूर त्यांचंच होतं. खातूनबींनी चिठ्ठीची पुन्हा घडी घातली. मग म्हणाल्या, "जाते जाते भी मेरा ही नुकसान कर गए." आणि डोळ्यांना पदर लावून माझा चिंचोका त्यांनी स्वतः मूर्तिजापुरात ठेवला.

तो माझा विसावा तालुका.

सात. म्हणून हे कलम. शेवटचा हुकूम पाळायचा हा नियम माझ्या बाबतीतही लागू आहे. गुरुवारी माझं बरंवाईट झालं, तर येत्या रविवारी हा हुकूम माझी चिठ्ठी म्हणून वाचावा:

'अमरावतीची फौज भातकुलीत. मूर्तिजापूरची फौज तिला मदत करेल.'

भातकुली खातूनबींची आहे. यावरून जानराव नेहमी कुरकुरतात, "घर माहं, शेत माहं, अन् राज्य या भाभीचं!" भातकुलीत आज फौज नाही. ती मागच्या रविवारी धारणीला गेली, आणि पाठवायला मीच लावली. अंगणात मी म्हटलं, "जानराव मेळघाटात शिरतील, तुम्ही धारणी सांभाळा." त्या म्हणाल्या, "आपकी ज़बान पे भेज रही हूँ, भाईसाब. पीछे का देखोगे ना?" मी नुसती मान हलवली. तोंडाने काही बोललो नाही, एवढीच माझी सोय.

त्या रात्री जेवण गेलं नाही. कौशल्याने विचारलं तेव्हा तिला सांगितलं. ती म्हणाली, "घरातलं एक भांडन तं जिंकता आलं नाही तुमाले, अन् वऱ्हाड जिंकून राहिले!" मग वरण वाढत म्हणाली, "घ्या भातकुली. म्या काही सांगत नाही कोनाले."

माझी फौज निघाल्यावर अमरावती एक डाव मोकळी राहील. ती कोणी घेतली तर मी पुन्हा विसावरच, पण तिकडे कोणाचं लक्ष नाही.

आठ. मी गेलो म्हणून हळवं होऊन कोणी साझा करू नये. भातकुली कोणी दयेने देऊ केली तर ती घेऊ नये. ती जिंकायची आहे.

नऊ. साक्षीदार म्हणून खातूनबी व जानराव यांना बोलावलं आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असं वकीलसाहेब म्हणाले. त्याच्याकडून काही घेऊ नये, असं ते म्हणाले नाहीत. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते, हेही त्यांनाच विचारून घेतलं आहे.

यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. पानं चार, खाडाखोड एक, ती 'दयेने' या शब्दापाशी.

अंबादास सखाराम भुयार
अमरावती, मंगळवार, दि. १४ नोव्हेंबर २००६

साक्षीदार पहिला: भाऊजींनी माझ्यासमोर सही केली. कागद वाचू दिला नाही. विचारलं तर म्हणे कायदा आहे.
जानराव, राहणार भातकुली

साक्षीदार दुसरी: भुयारभाईंनी माझ्यासमोर सही केली. आत काय आहे ते मी वाचलं नाही. तेवीस वर्षांत त्यांनी माझ्यापुढे पहिल्यांदा दोन्ही हातांनी कागद झाकला. रविवारची माझी चिठ्ठी इथेच लिहून ठेवते: तिवशाची फौज अमरावतीत. परत पाहिजे असेल तर ऑपरेशन करून स्वतः यावं.
खातूनबी गयासुद्दीन, राहणार इतवारा, अमरावती