गॅलरीतला थंड प्रकाश

२ नोव्हेंबर, सकाळ
वडिलांच्या पत्र्याच्या टॉर्चचा आवाज आज उगीचच कानात वाजला. सेल आत ढकलले की स्प्रिंग कुरकुरायची, मग खट्ट! आणि अंगणभर मवाळ पिवळा उजेड सांडायचा. आताचे बाजारातले टॉर्च म्हणजे निव्वळ प्लास्टिक. हातात घेतले तरी शिसारी येते.
निश्चय : एलईडीचा टॉर्च स्वतः बनवणे. अंग लाकडाचे. एलईडीचा प्रकाश थंड असतो हे कोणीही सांगेल, तेव्हा चिंता नाही.

३ नोव्हेंबर
सूनबाईला गॅलरीत माझ्या टेबलाच्या जागी वॉशिंग मशीन हवे आहे. फेस ओकणारे ते धूड! चर्चा झाली, म्हणजे ती बोलली. ठरले ते असे : वीस तारखेपर्यंत इमारतीतल्या एका तरी माणसाने आपणहून "मला हाच टॉर्च हवा" म्हटले, तर टेबल राहील. नाहीतर मशीन.
ही म्हणाली, "अहो, आत्तापासूनच आवरायला घ्या. ऐनवेळी तुमची कंबर धरते." जन्मभर शाळेत कविता शिकवली, घरात मात्र एक रसिक नाही.

७ नोव्हेंबर
पलंगाच्या जुन्या पायातून टॉर्चचे अंग कोरले. देखणे! पेटवला, डोळे दिपले. थोड्या वेळाने प्रकाश निळसर झाला, एखाद्या कवितेत असतो तसा. मग धूर. मग काळोख.
लाकूड आतून कोळसा. ही नाकाला पदर लावून खिडक्या उघडत फिरली. सूनबाई म्हणाली, "बाबा, एलईडी पुढून थंड, पण पाठीमागून तापतो. लाकूड ती उष्णता कोंडून धरतं. बाहेर काढायला धातू लागतो." माझ्या मते एलईडीच हलका होता.

१० नोव्हेंबर
शेवटी अॅल्युमिनियमचा पाइप. शी! न्हाणीघरातून उपटून आणल्यासारखा दिसतो. एलईडीच्या पाठीला धातूची चकती, मध्ये उष्णता धातूत उतरवणारी पांढरी थर्मल पेस्ट. पेस्ट कसली, कोणीतरी शिंकून ठेवल्यासारखा चिकट प्रकार. बोटांना लागली, चष्म्याला लागली, हिच्या टॉवेलला लागली. टॉवेलबद्दल अजून कोणाला कळलेले नाही.
शिवाय दुकानदाराने एक सेन्सर गळ्यात मारला. टॉर्च तापला की तो करंट कमी करतो, उजेड उतरतो आणि काही जळत नाही म्हणे.
ताप मोजण्याची पद्धत मात्र माझी. थर्मामीटर नको. टॉर्च मुठीत धरून सहावीच्या पुस्तकातली आवडती कविता चालीवर म्हणायची. कोणत्या कडव्याला चटका बसतो ते बघायचे. विज्ञानाला एवढी गोडी कोणी लावली असेल?

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ
सोसायटीच्या सेक्रेटरीला प्रात्यक्षिक. तिसऱ्या कडव्यालाच उजेड मलूल. सेक्रेटरी पान चघळत म्हणाला, "सर, याला पण पेन्शन लागली की काय?" आणि आमच्या कुंडीत थुंकला.
सूनबाईचे म्हणणे, "बरोबर तर चाललंय, बाबा. तो स्वतःला वाचवतोय." नेमका याचाच तिटकारा आहे मला! जरा झळ लागली की मान खाली घालणारा दिवा! असली मुले मी वर्गात पाहिली आहेत. पुढे सगळी सेक्रेटरी झाली.
निश्चय : सेन्सर काढणे.

१३ नोव्हेंबर
काढला. काय तेज! समोरच्या इमारतीतून कोणीतरी ओरडले, ती दादच समजतो.
कविता पूर्ण झाली. शेवटची कडवी किंचित जलद चालीत म्हटली, आणि टॉर्च या हातातून त्या हातात झेलत म्हटली, पण पूर्ण झाली. तळहात लाल आहेत. रक्ताभिसरण सुधारल्याचे लक्षण.
टॉर्च सेक्रेटरीला वापरायला दिला. "बघतो," म्हणाला. तोच मागणार, यात शंका नाही.

१६ नोव्हेंबर
सेक्रेटरीच्या बायकोने जिन्यातच गाठले. टॉर्च चालू राहिला, गादीवर पडला, चादरीला हा एवढा तपकिरी डाग! "सर, घर पेटलं असतं आमचं!" टॉर्च ही झोपवायची वस्तू नव्हे, हे मी शांतपणे निदर्शनास आणले. मग ती जे बोलली ते शुद्धलेखनाच्या वहीत बसणारे नाही. टॉर्च परत मागितला, तर म्हणाली सापडत नाही. व्वा! डागाची फिर्याद माझ्यावर आणि वस्तू गायब त्यांच्याकडे.
ही एवढेच म्हणाली, "टॉवेलचं मला कळलंय."

२० नोव्हेंबर, दुपार
सूनबाई टेप घेऊन गॅलरी मोजते आहे. मी टेबलाशी बसून आहे. मला वगळून मोजते. इमारतीत एकालाही प्रकाशाची चाड नाही. अंधारात चाचपडत मरा म्हणावे. वीट आला.

तीच दुपार
बेल वाजली. दारात सेक्रेटरीची आई! गुडघ्यांपायी ही बाई कधी जिना चढत नाही. भांडायलाच आली असणार म्हणून मी हिला पुढे केले. म्हातारी धापा टाकत खुर्चीत बसली. पदराखालून फडक्यात गुंडाळलेला माझा टॉर्च काढला आणि म्हणाली, "मास्तर, मीच लपवला होता हो. सुनेला सांगू नका. कालपासून गार पडलाय मेला, तेवढा चालू करून द्या. मला हाच हवा. आणि दुसरा असेल तर तोही द्या."
सूनबाईच्या हातातली टेप सर्रकन आत गेली. टेबल वाचले! मी उभा राहिलो. ऊर भरून आला. शेवटी एक तरी रसिक भेटला. प्रकाशाविषयी चार शब्द बोलायला घसा साफ केला, तोच म्हातारी गुडघ्यावर टॉर्च ठेवून चोळायला लागली.
"काय छान शेक बसतो! रबरी पिशवीला याची सर नाही. फक्त डोळ्यांवर फार येतं हो, मास्तर. त्यातला उजेड तेवढा काढून टाका."