सकाळचा गुडघा

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. मीच इतकी रागावलेय की आणखी कुणाचा राग ठेवायला घरात जागा नाही.

आमच्या चिमीचा गुडघा तू आलीस तेव्हा नुसता दुखायचा, आता सुजलाय. सकाळी उठते ती लाकडासारखी कडक. भिंत धरून न्हाणीपर्यंत जाते. अजून पहिलीतसुद्धा नाही गं पोर! सासूबाई म्हणतात, शाळा नको म्हणून नखरे. शाळेतल्या बाई म्हणतात, मांडी घालून बसत नाही, हट्टी आहे. परवा वर्गात उभं केलं तिला. दुखऱ्या पायावर! भांडायला गेले, तर रडूच कोसळलं.

डॉक्टरकडेही नेऊन झालं. शिवणाच्या कारखान्यातून सुटले की संध्याकाळी नेते, आणि तिथे ही बया जिना धावत चढते! डॉक्टर हसले. वाढत्या वयात दुखतात पाय, तुम्हीच घाबरट, म्हणाले. संधिवात असेल का विचारलं, तर म्हणे तो म्हाताऱ्यांना होतो. मी अडाणी असेन, आंधळी आहे का?

पाय असाच वाकडा राहिला तर? मशीनवर बसलं तरी हेच डोक्यात. काल सुई बोटात गेली.

माया पातळ करू नकोस.
तुझी धाकटी

ता. १५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सासूबाईंना चार शब्द सुनवावेसे वाटले, पण तुझा संसार आहे, म्हणून हात आवरला.

रागाच्या भरात एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही. मी राहायला आले होते तेव्हा पाहिलं, उठल्या उठल्या तू तिला गरम पाण्यात बसवतेस, पाय चोळतेस, मग ती चालते. संध्याकाळपर्यंत पोर मोकळी होणार नाही तर काय? माझ्या शेजारणीच्या हातांना संधिवात आहे. सकाळी ब्लाउजचं बटण लागत नाही, दुपारी अख्खं घर धुऊन काढते. नवऱ्याला वाटायचं, ढोंग.

तेव्हा एक दिवस कामावर खाडा कर. पाय न चोळता, अंथरुणातून उचलून सकाळीच डॉक्टरकडे ने. केस विंचरायलाही थांबू नकोस. ती रडेल, रडू दे. तुला ते जमायचं नाही, म्हणून दटावून लिहिते. घाबरू नकोस असं म्हणत नाही. घाबर, पण जा.

जिवाला जप.
तुझी ताई

ता. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खाडा केला. मुकादम बोलला, बोलू दे. पांघरुणासकट उचललं तिला. वाटेत सारखी म्हणत होती, आई, पाय चोळ ना. नाही चोळला, ताई. वैरीण झाल्यासारखं वाटलं. डॉक्टरांनी गुडघा सरळ करायला घेतला आणि ती किंचाळली. त्यांचं हसू कुठल्या कुठे गेलं. मुकाट्याने मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. चुकलं म्हणायला मात्र जीभ वळली नाही!

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट पाहिलं, रक्त तपासलं. लहान मुलांनाही संधिवात होतो म्हणे. अंगातलं जे रोगाशी लढतं, तेच सांध्यांवर उलटतं. वेळेवर औषध चालू ठेवलं तर पाय बहुतेक वाकडा होणार नाही. डोळेही तपासत राहायचे, तिथे सूज आली तरी पोरीला कळत नाही. सासूबाई म्हणाल्या, एवढ्याशा जिवाला इतकं कडक औषध? मी म्हटलं, पांगळी झाली तर तुम्ही फिरवणार का कडेवर?

पण खरं सांगू, आता कुणावर ओरडू तेच कळत नाही. डॉक्टरीणबाईंनी चिमीला विचारलं, कुठे कुठे दुखतं? तर तिने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. सांगू का, असं. काही नाही झालं, काही नाही झालं, म्हणत सगळ्यांनी तिचं तोंड बंद केलेलं. मीसुद्धा, धीर द्यायला म्हणून. मी म्हटलं, सांग बाळा, सगळं सांग. तिने गुडघा दाखवला. मग घोटा. मग मनगट.

मनगटाचं मला माहीतच नव्हतं गं.

आमच्यावर जीव आहे तो असू दे.
तुझी धाकटी