अर्ध्या वेगातला आवाज

३ मार्च, मंगळवार

दादाच्या घशाच्या तपासणीचा निकाल आला. स्वरयंत्र काढावं लागणार. पूर्ण. सोळा तारखेला, सोमवारी.

डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, बोलणं जाईल. वहिनी रडली. पुतणीने सगळं फोनमध्ये टिपून घेतलं, औषधांच्या वेळांसकट. दादा म्हणाला, तसंही या घरात माझं कोण ऐकतं? आवाज आत्ताच इतका बसलाय की अर्धं ओठांवरून ओळखावं लागतं. मी हसले. मग खाली जिन्यात जाऊन बसले, माणसं बाजूने चढत-उतरत होती तरी.

तेरा दिवस राहिले.

५ मार्च

दुकानात एका म्हातारबुवांच्या कानात ऐकायचं यंत्र बसवत होते, तेवढ्यात फोन. हरवलेली जुनी रेकॉर्डिंग शोधून एका नव्या रेडिओ केंद्रावर लावतो, असा कुणी पोरगेलासा माणूस. विचारतो, ‘ओली भिंत’चं रेकॉर्डिंग वाजवणाऱ्या तुम्हीच का?

‘ओली भिंत’ म्हणजे दादा, त्याचा ड्रमवाला मित्र आणि गिटारच्या तारांवर स्टीलची पट्टी घासणारी एक मुलगी. गाणी कसली – आदळआपट. पण आमचं तेव्हा तेच खरं होतं. मी रेडिओवर टेप वाजवायच्या हंगामी नोकरीत होते, बावीस वर्षांची. रविवारी दुपारी नव्या पोरांसाठी अर्धा तास असायचा. मी शब्द टाकला आणि दोन नंबरच्या स्टुडिओत यांची तीन गाणी रेकॉर्ड झाली. नंतर ती टेप पुसून दुसऱ्या कार्यक्रमाला वापरली. तेव्हा सगळ्याच पुसायचे.

कुणा श्रोत्याने घरी कॅसेटवर भरून ठेवलं होतं म्हणे. ते यांना सापडलं, गेल्या महिन्यात लावलं, आणि आजची पोरं वेडी झालीत त्या आवाजावर. किती खोल, किती जड!

शेवटी विचारलं – ते अर्ध्या वेगात वाजवायचं तुम्हाला सुचलं कसं?

म्हटलं, विचार करून सांगते.

६ मार्च

दादालाही फोन गेला होता. स्वारी हवेत! वहिनीला, शेजाऱ्यांना, सिलेंडर घेऊन आलेल्या माणसाला – सगळ्यांना तेच. आम्ही नुसते बोंबलत होतो, हिने त्याचं गाणं केलं. कान बघा आमच्या ठमीचा!

पुतणीने फोनवर लावलं. पस्तीस वर्षांनी ऐकलं. ड्रम अडखळत येतात, पट्टी तारेवरून सरकते ती सरकतच राहते, आणि मग दादाचा आवाज – माणसाचा वाटतच नाही, इतका खाली. चांगलं आहे! काय करू, चांगलंच आहे. दादा डोळे मिटून मान डोलवत होता. मला जेवण गेलं नाही.

८ मार्च, रविवार

इथे तरी लिहून टाकते. कुणाला दाखवायचंय?

रेडिओवरच्या टेपच्या यंत्राला दोन वेग होते. भाषणं, मुलाखती हळू वेगात भरायच्या – टेप वाचते. संगीत दुप्पट वेगात. वाजवताना त्याप्रमाणे बटण फिरवायचं. इतकं साधं! त्या दुपारी आधी पाणीपुरवठ्यावर एक भाषण होतं. ते संपलं, मी दादाची टेप चढवली आणि बटण फिरवायचं राहिलं. झालं.

अर्ध्या मिनिटात कळलं होतं मला. हे लपवून काय उपयोग? हात बटणापर्यंत गेलासुद्धा. पण मध्येच थांबवलं की नोंदवहीत चूक लिहावी लागते, आणि हंगामी माणसाची तिसरी चूक म्हणजे घरी. माझ्या दोन झाल्या होत्या. तेवढ्यात काचेपलीकडून निवेदकाने अंगठा दाखवला – मस्त! मी हात मागे घेतला. गाणी दुप्पट लांबली, तिसऱ्याला वेळच उरला नाही. ते कुणी कधीच ऐकलं नाही.

संध्याकाळी दादा धावत आला. हे काय केलंस? मी म्हटलं, मुद्दाम. असं जास्त चांगलं वाटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मग पत्रं आली, साठाच्या वर. सगळी त्या आवाजावर. मग मी कशाला तोंड उघडते? झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि पुढे दोन वर्षं तो स्टेजवर तसा आवाज काढायचा प्रयत्न करत राहिला. माणसाच्या गळ्यात तो आवाज नसतोच. लोक म्हणायचे, रेडिओवर होता तसा नाही लागत. एकदा थुंकीतून रक्त पडलं, तेव्हा सोडलं. मग गोदामात हिशेबनीस झाला. हे मी बघितलं, आणि मूग गिळून बसले.

९ मार्च

पुतणी म्हणाली, आत्या, बाबांचा खरा आवाज कसा होता गं तेव्हा? कॉम्प्युटरवर बसली आणि वेग दुप्पट केला. दोन मिनिटांचं काम.

बाई गं.

बारीक, घाईघाईचा आवाज. पंचवीस वर्षांचा पोरगा. श्वास कमी पडतोय तरी पुढच्या ओळीवर उडी मारतोय. शेवटी हसतो – त्या हळू टेपमध्ये ते हसू आहे हेसुद्धा कळत नव्हतं. पुतणी ओंजळीत तोंड धरून बसली. आतल्या खोलीतून दादा ओरडला, म्हणजे ओरडायला गेला. बंद करा ते. पहिलंच बरोबर आहे, तुझ्या आत्याने निवडलेलं.

११ मार्च, बुधवार

सांगितलं.

रेडिओवाला मुलाखतीला घरी आला होता. डॉक्टरांनी बजावलंय, आवाज जपा. आणि हा चाळीस मिनिटं बोलला! काय तर माझ्याबद्दल. मधे मधे पाणी पीत, गळा धरून. पाच दिवसांचा आवाज उरलाय आणि तो माझ्या थापेवर खर्च करतोय. मला बसवेना.

“दादा, बस कर. ते मी ठरवून केलं नव्हतं. बटण फिरवायला विसरले होते.”

त्याला आधी थट्टाच वाटली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

“मग थांबवलं का नाहीस?”

“नोकरी गेली असती.”

रेडिओवाल्याने आपणहून रेकॉर्डिंगचं यंत्र बंद केलं. दादा म्हणाला, “पस्तीस वर्षं, ठमे.” आणि उठून आत गेला. वहिनीने चहा आणला होता, तो कुणीच घेतला नाही.

१२ मार्च

बोलला नाही.

१३ मार्च, शुक्रवार

बाकी सगळ्यांशी बोलतोय. वहिनीला पेपर वाचून दाखवतो. पुतणीच्या फोनमध्ये जुन्या गोष्टी भरून ठेवतो, तिच्या जन्माची, पहिल्या भाड्याच्या खोलीची. मी गेले की गप्प. भिंतीकडे तोंड.

वहिनी म्हणते, “राग आहे, जाईल हो.” जाईल. पण आवाज आधी जाईल.

डॉक्टरांना गाठून विचारलं, त्या दोन वर्षांमुळे झालं का हे? म्हणाले, नाही हो, सिगारेटी. रोजच्या तीस. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

१५ मार्च, रविवार

काल दाखल केलं. आज दोन तास खाटेशी बसले. नर्सला म्हणाला, जरा खिडकी लावता का? शेजारच्या पेशंटला म्हणाला, झोप येत नाही इथे. मी मुद्दाम विचारलं, पाणी देऊ? मानेनेच नाही म्हणाला.

मला त्याचं चांगलं बोलणं नकोच आहे. वाईट चालेल. एक वाक्य. माझ्या नावासकट.

उद्या नऊला नेणार आहेत. आठला ये, म्हणाली वहिनी.

१६ मार्च

पावणेआठला पोचले. खाट रिकामी.

आधीच्या पेशंटला ताप आला म्हणून याला सातलाच नेलं. वहिनीला त्याचा एक शब्द ऐकायला मिळाला, “येतो.” ती रडत मला सांगत होती आणि मी तिचा हेवा करत होते. किती नीच असावं माणसाने!

सहा तास. व्यवस्थित झालं म्हणाले. व्यवस्थित.

१९ मार्च

नळ्या निघाल्या नाहीत. उशाला पाटी आणि खडू. वहिनीसाठी लिहितो – उशी. ऊन. आज कोण वार? मी दारातूनच बघून परत आले. दुकानात दिवसभर लोकांच्या कानांत शिट्ट्या वाजवल्या आणि विचारलं, ऐकू येतंय का?

२२ मार्च, रविवार

वहिनी खाली औषधं आणायला गेली, तेव्हा त्याने बोटाने बोलावलं. पाटीवर आधीच लिहून ठेवलं होतं – त्या दिवशी सकाळी बोलणार होतो तुझ्याशी. लवकर नेलं.

विचारलं, काय बोलणार होतास?

बाहीने पुसलं. लिहिलं – शिव्या घालणार होतो. लिहून मजा नाही.

मग मीच घातल्या. मोठ्याने, स्वतःला, त्याच्या वतीने, आठवतील तेवढ्या. शेजारचा पेशंट उठून बसला. दादा हाताने खुणावत होता – अजून.